विश्लेषण : गणिताच्या तासाला वर्गाचे चार गट कशासाठी?

एकच उदाहरण फळ्यावर, चाळीस मुले समोर आणि निम्म्यांना ते कळलेलेच नाही. प्राथमिक शाळांतील या जुन्या दुखण्यावर छोटे गट आणि फिरते कोपरे हा उपाय सुचवला जातो. तो चालतो कसा, त्यामागचा पुरावा किती आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या जिल्ह्यात त्याची खरी परीक्षा कुठे होईल?

दुखणे नेमके काय?

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ वजा २७ मांडले की काही मुलांचे उत्तर हमखास ३५ येते. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मूल वजाबाकी करते आहे, पण मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा एवढेच त्याच्या मनात पक्के बसले आहे. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. शिक्षक बरोबर उत्तर फळ्यावर लिहितात, मूल ते वहीत उतरवते आणि वही तपासून होते. चूक मात्र आत तशीच राहते.

पुढे हातच्याचा गुणाकार, मग भागाकार, मग अपूर्णांक. प्रत्येक मजला आधीच्या मजल्यावर उभा असतो. खालचा मजला कच्चा राहिलेले मूल शाळा सोडत नाही, गोंधळ घालत नाही, फक्त गप्प होते. ‘मला गणित येतच नाही’ हे वाक्य बहुतेक मुलांनी तिसरी-चौथीतच मनाशी म्हटलेले असते.

आकडेही हेच सांगतात. देशभरातील ग्रामीण भागात होणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार, तिसरीतील ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी येत होती. पाचवीतील ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होते. २०२२च्या तुलनेत ही सुधारणा आहे. तरीही पाचवीतील दहापैकी सुमारे सात मुले भागाकाराच्या अलीकडेच थांबलेली आहेत.

म्हणजे एका वर्गात एक इयत्ता नसते, तीन-चार इयत्ता असतात. कुणी अजून पन्नासपर्यंतच्या संख्या ओळखतो आहे, तर कुणाला पाढे तोंडपाठ आहेत. या सगळ्यांना एकाच वेळी एकच उदाहरण शिकवले तर ते नेमके कुणासाठी असते?

फिरते कोपरे म्हणजे काय?

कल्पना साधी आहे. वर्गातील ३२ मुलांचे आठ-आठचे चार गट करायचे आणि वर्गात चार कोपरे मांडायचे. प्रत्येक कोपऱ्यात वेगळे काम. ठरलेला वेळ झाला की टाळी वाजते आणि गट पुढच्या कोपऱ्यात सरकतो.

पहिला कोपरा शिक्षकाचा. दुसरा साहित्याचा : काड्यांचे गठ्ठे, मणीमाळ, चिंचोके, खोट्या नोटा. तिसरा खेळाचा : फासे, सापशिडी, संख्याकार्डे, जोडीजोडीने दुकान-दुकान. चौथा वहीचा : आधी समजलेल्या गोष्टीचा एकट्याने सराव.

दोन तासिका जोडून सत्तर मिनिटे मिळाली तर पहिली दहा मिनिटे सगळा वर्ग एकत्र बसतो. मग बारा-बारा मिनिटांच्या चार फेऱ्या होतात. उरलेला वेळ जागा बदलण्यात आणि शेवटी ‘आज काय सापडले’ हे सांगण्यात जातो. एकच तासिका असेल तर दोन कोपरे आज, दोन उद्या.

या पद्धतीचा जीव पहिल्या कोपऱ्यात आहे. बाकीचे तीन कोपरे चांगले आहेत, मुलांना आवडतातही, पण त्यांचे मुख्य काम शिक्षकाला मोकळे करण्याचे आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात ३२ मुलांना समान वेळ द्यायचा म्हटला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येते. प्रत्यक्षात पुढच्या बाकावरच्या चार-पाच जणांनाच तो वेळ मिळतो. गट केले की तोच शिक्षक आठ मुलांसमोर बारा मिनिटे बसतो आणि एखादे मूल लपून राहू शकत नाही.

त्या बारा मिनिटांत काय घडते?

उत्तर ३५ आले की शिक्षक लगेच ‘चूक’ म्हणत नाहीत. ‘कसं काढलंस ते सांग’ असे विचारतात. मूल सांगते आणि चुकीचे मूळ तिथेच सापडते.

मग काड्या येतात. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. यातून सत्तावीस काढून दे. दोन गठ्ठे काढले, आता सात सुट्या हव्यात, पण आहेत दोनच. काय करशील? बहुतेक मुले थोडा विचार करून स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर काढतात. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या. दोन गठ्ठे आणि सात काड्या बाजूला काढल्या की उरले दोन गठ्ठे, पाच सुट्या, म्हणजे पंचवीस. ‘हातचा’ हा शब्द त्यानंतर येतो, तोवर त्याचा अर्थ मुलाच्या हातून गेलेला असतो.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण असते, तीही याच कोपऱ्यात कळते. ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच ऐकू येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे, मग पाच. त्यामुळे पंचवीस ऐकून ५२ लिहिणारे मूल दुर्लक्ष करत नसते, ते कानावर विश्वास ठेवत असते. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड, कारण त्यात तीस ऐकू येतो आणि लिहायचे असते २९.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असाही पर्याय आला, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना विनोद आणि टीका दोन्ही झेलावे लागले. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात, हा त्यामागचा मुद्दा मात्र त्या गोंगाटात हरवला. वाळूज, चिकलठाणा परिसरातील कामगार वस्त्यांमध्ये घरी हिंदी किंवा उर्दू, शाळेत मराठी आणि मोबाइलवर इंग्रजी आकडे, अशी तिहेरी कसरत मुले रोज करतात. ती कुठे अडली हे चाळीसांच्या वर्गात ऐकूच येत नाही. आठांच्या गटात ऐकू येते.

ही परदेशातून आलेली कल्पना आहे का?

‘स्टेशन रोटेशन’ हे नाव परदेशी आहे, गाभा नाही. जुन्या गावठी शाळेत पंतोजी एकटे असत. मोठी मुले लहानांकडून धुळाक्षरे आणि पावकी-निमकी घोटून घेत. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये मुलांकडून मुलांना शिकवण्याची जी रीत बसवली आणि पुढे इंग्लंडमध्ये नेली, तिची प्रेरणा इथल्याच शाळेत वाळूत अक्षरे गिरवणारी मुले पाहून मिळाली होती.

कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवी लागते. तेराव्या शतकाच्या प्रारंभी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, असे तिथला शिलालेख सांगतो. त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’तील उदाहरणे भुंगे, हंस, मोर आणि साप यांच्या गोष्टींतून येतात आणि समोर बसलेल्या एखाद्या शिकणाऱ्याला थेट प्रश्न विचारतात. गणित समोरासमोर बसून शिकायचे असते, ही जाण या मातीला नवी नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड इथे बिया, शंख, काड्या अशा आसपासच्या वस्तूंतून आदिवासी मुलांचे शिक्षण उभे केले. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीने बहुवर्ग शाळांसाठी कार्डे आणि गटांची रचना तयार केली. तिच्यातून १९९५मध्ये कर्नाटकातील ‘नली-कली’ आणि २००३पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांतील कृतीआधारित शिक्षण उभे राहिले.

महाराष्ट्रात ही लाट आली ती सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधून. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवला. बाके हलली, मुले जमिनीवर गटाने बसली, फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागात मुलांच्या उंचीचे फळे आले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतर हे वारे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले.

मात्र फरशी रंगवणे सोपे असते, तिच्यावर बसून मुलाशी बोलणे अवघड. रंगकाम उरले आणि गटकाम विरले, अशा शाळा शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पुरावा काय सांगतो?

या क्षेत्रातील महत्त्वाचा प्रयोग मुंबई आणि बडोद्यात झाला. ‘प्रथम’ संस्थेने २००१ ते २००३ या काळात तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास, १५ ते २० जणांच्या गटात शिकवण्यासाठी वस्तीतल्याच तरुणी नेमल्या. त्यांना ‘बालसखी’ म्हणत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप करून २००७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले होते आणि फायदा मुख्यतः गटात बसलेल्या कच्च्या मुलांचा झाला होता. पुढे २०१९मध्ये बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागच्या कामात अशा प्रयोगांचा मोठा वाटा होता.

त्यानंतरची कहाणी जास्त बोलकी आहे. बिहारमध्ये २००८च्या उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनीच पातळीनुसार गट करून शिकवले आणि मुले पुढे सरकली. शाळेच्या नियमित वर्षात मात्र केवळ प्रशिक्षण आणि साहित्य देऊन फारसा फरक पडला नाही. शिक्षक सरकारीच आणि पद्धतही तीच. मग बदलले काय? उन्हाळ्यात त्यांच्याकडे फक्त हेच काम होते. वर्षभरात मात्र अभ्यासक्रम, नोंदी आणि बाकी सगळे मध्ये आले. हरियाणात २०१२-१३मध्ये रोजचा ठरावीक तास राखून इयत्तेऐवजी पातळीनुसार गट केले आणि पर्यवेक्षणही ठेवले, तेव्हा भाषेत प्रगती दिसली.

फेब्रुवारी २०२५मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेला अभ्यासही इथे आठवावा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १४००हून अधिक मुले संशोधकांनी पाहिली. भाजीचे गुंतागुंतीचे हिशेब ती तोंडी, झटपट करत. तसेच गणित कागदावर मांडले की अडखळत. फक्त शाळेत शिकणाऱ्या मुलांचे उलटे, त्यांना बाजारातला हिशेब जमेना. जाफरगेट किंवा चिकलठाण्याच्या आठवडी बाजारात आईच्या टोपलीपाशी बसून सुटे पैसे मोजणारे मूल शाळेत ‘कच्चे’ का ठरते, याचे उत्तर इथे आहे. दुकान-दुकानच्या कोपऱ्यातून वहीच्या कोपऱ्यात त्याच दिवशी, त्याच संख्या घेऊन जाणे हा त्या दोन गणितांमधला पूल आहे.

दोन शिक्षकी शाळेत हे जमेल?

शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. सोयगाव, कन्नड किंवा पैठण तालुक्यातील वाडी-तांड्यावरच्या शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग दोघे सांभाळतात. एक जण रजेवर किंवा बैठकीला गेला की उरतो एक.

‘आम्हाला चार इयत्ता सांभाळता येत नाहीत, त्यात चार कोपरे कुठून?’ हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. पण अशा शाळेत गट आधीपासूनच असतात. एका इयत्तेला शिकवताना उरलेल्या तीन ‘पाढे लिहा’ या आज्ञेवर बसून असतात. फिरते कोपरे त्या बसून राहण्याच्या वेळेला काम देतात. शिवाय गट इयत्तेचे न करता पातळीचे केले, तर चौथीतील मागे राहिलेले आणि दुसरीतील पुढे गेलेले मूल एकाच काड्यांपाशी बसू शकते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी तर याला पर्याय नाही. दिवाळीच्या सुमारास गेलेले मूल उन्हाच्या तोंडावर परतते, तोवर वर्ग गुणाकारावर पोहोचलेला असतो. पाठ्यपुस्तकाच्या पानावर चालणाऱ्या वर्गात त्याला जागाच नसते. पातळीवर चालणाऱ्या वर्गात ते सोडलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करू शकते.

आक्षेप आणि धोके कोणते?

पहिला आक्षेप गोंगाटाचा. चार गट बोलू लागले की वर्ग भरल्या बाजारासारखा होतो, हे खरे आहे. त्यासाठी पहिले दोन आठवडे गणित बाजूला ठेवून फक्त फिरण्याची, साहित्य उचलण्याची आणि जागेवर ठेवण्याची सवय लावावी लागते. ही पायरी गाळली की तिसऱ्या दिवशी शिक्षक पुन्हा फळ्याकडे वळतात.

दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा. या वेगाने पुस्तक संपणार नाही, ही भीती खरी आहे. पण पुस्तक संपले आणि वजाबाकी राहिली, तर संपले ते काय?

तिसरा धोका सगळ्यात गंभीर आहे. ‘हुशारांचा गट’ आणि ‘ढ गट’ असे शिक्के मुलांना पहिल्याच दिवशी कळतात, त्या गटांना फुलांची नावे दिली तरी. एकदा खालच्या गटात बसवलेले मूल वर्षभर तिथेच राहिले, तर गट म्हणजे वर्गातलाच दुसरा वर्ग होतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी गट बदललेच पाहिजेत. शिक्षकाच्या कोपऱ्यासाठी पातळीचा गट, खेळासाठी मिसळलेला गट, अशी सरमिसळ हवी. संख्याज्ञानात मागे असलेले मूल आकृत्यांत पुढे असू शकते, याची दारे उघडी ठेवावी लागतात.

मग अडते कुठे?

साहित्यावर नाही. काड्या, बाटल्यांची बुचे, चिंचोके, जुन्या लग्नपत्रिकांची कार्डे यांचा खर्च नगण्य आहे. अनेक शाळांकडे गणित पेटीही आहे. काही ठिकाणी ती हरवू नये म्हणून कपाटात कुलूपबंद आहे, एवढेच. साहित्य झिजले तर शाळेचे नुकसान होत नाही, ते वापरात असल्याचा तो पुरावा असतो. हे तपासणीला येणाऱ्यांनी आधी मान्य करायला हवे.

अडते ते वेळेवर. जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान देण्याचे उद्दिष्ट ठेवले. मुदत दाराशी आली आहे. त्याच काळात शिक्षकांवर ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे, पोषण आहाराचा हिशेब आणि दर दोन दिवसांनी छायाचित्रासह मागितला जाणारा नवा अहवाल, हे ओझेही आहे. आठ मुलांसमोर बसलेल्या शिक्षकाचा मोबाइल ‘माहिती तातडीने पाठवा’ म्हणून वाजला की बारा मिनिटांचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मागणी मोठी नाही. गणिताची रोजची तासिका राखीव ठेवावी आणि त्या वेळेत शाळेकडून कोणतीही माहिती मागू नये. केंद्रावरच्या मासिक शिक्षण परिषदेत सूचना वाचून दाखवण्याऐवजी एका शिक्षकाने आपला चार कोपऱ्यांचा वर्ग प्रत्यक्ष दाखवावा. पायाभूत चाचणीचे गुण पोर्टलवर भरून थांबू नये, त्यांवरून पुढच्या आठवड्याचे गट ठरावेत. अधिकाऱ्यांनी वर्गात जाऊन भिंत पाहण्याऐवजी मुलाला ‘कसं काढलंस?’ असे विचारावे.

पालकांनी काय पाहावे?

• मुलाच्या वहीत रोज पानभर गणिते नसली म्हणून शाळा शिकवत नाही असे समजू नये.
• उत्तर चुकले की लगेच दुरुस्त करण्यापूर्वी ते कसे काढले हे ऐकावे.
• किराण्याचे सुटे पैसे मुलाला मोजू द्यावेत आणि तोच हिशेब नंतर कागदावर मांडायला सांगावा.
• ‘माझंही गणित कच्चंच होतं’ हे वाक्य मुलासमोर टाळावे.

गट, कोपरे आणि टाळीचा इशारा ही सगळी मांडामांड एका गोष्टीसाठी आहे : ५२मधून २७ काढताना ३५ लिहिणाऱ्या मुलाशेजारी त्याच दिवशी कुणीतरी मोठे माणूस बसावे. सरकारी शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांना शिकवणी लावण्याची ऐपत घरी नसते. त्यांच्यासाठी ती बारा मिनिटेच शिकवणी आहेत. ती राखता आली नाहीत, तर उद्दिष्टाचे वर्ष बदलेल, अभियानाचे नाव बदलेल आणि पाचवीतील दहापैकी सात मुले भागाकाराच्या अलीकडेच उभी राहतील.